काजूची लागवड आणि वाणाची निवड



स्मृतिव्याख्यानासाठी बहुधा साहित्य, इतिहास किंवा समाजकारण यांतील एखादा विषय निवडण्याची प्रथा आहे. आज आपण एका झाडाचा विचार करणार आहोत. त्यामागे एक साधे कारण आहे. नोकरीनिमित्त दूर गेलेले आणि निवृत्तीनंतर गावाकडे परतलेले अनेक माजी विद्यार्थी भेटले की एकच प्रश्न विचारतात : "वडिलोपार्जित डोंगर पडून आहे, काजू लावावा म्हणतो, चांगली जात कोणती?" प्रश्न विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर हवे असते. परंतु तसे उत्तर देणे म्हणजे रोग न पाहता औषध सांगण्यासारखे होईल. भाताची जात चुकली तर एक हंगाम वाया जातो, पुढल्या वर्षी बियाणे बदलता येते. काजूची जात चुकली तर तिचे परिणाम तीस वर्षे भोगावे लागतात, आणि बहुतेक वेळा ते लावणाऱ्याच्या मुलांना भोगावे लागतात. म्हणून ही निवड कशी करावी, त्यामागील शास्त्र काय आणि आपल्या डोंगरावर आज उभी असलेली जुनी झाडे या निवडीत कोठे बसतात, हे समजावून घेण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

झाडाची पूर्वपीठिका

काजू हे मूळचे ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरील झाड. तेथील तुपी लोकांच्या भाषेत त्याला 'अकाजू' म्हणत; पोर्तुगीजांनी त्याचे 'काजू' केले आणि तेच नाव आपल्याकडे रूढ झाले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून हे झाड भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आले. ते नेमके कोणत्या वर्षी उतरले याविषयी निरनिराळी मते आहेत; परंतु दोन ग्रंथांमुळे काळाचा अंदाज येतो. गार्सिया द ओर्ता यांचा भारतीय औषधी द्रव्यांवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात काजूचा उल्लेख नाही. पुढे १५७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रिश्तोव्हाँ द कोश्ता यांच्या ग्रंथात कोचीनच्या बागांतील काजूच्या झाडाचे वर्णन आढळते. म्हणजे जे झाड आज आपल्याला सह्याद्रीइतकेच पुरातन वाटते, त्याचा आपल्याकडील वास साडेचारशे वर्षांच्या आसपासचा आहे.

आंबा, बिब्बा आणि काजू ही एकाच कुलातील भावंडे होत. बिब्ब्याच्या तेलाने अंगावर फोड येतात, तसेच काजूच्या टरफलातील तेलानेही येतात, हे कारखान्यात बिया फोडणाऱ्या स्त्रियांना सांगावे लागत नाही. त्यांच्या हातांवर ते लिहिलेले असते. या झाडाच्या अंगी दोन मोठे गुण आहेत. एक म्हणजे जांभ्या दगडाच्या उथळ, निःसत्त्व जमिनीतही ते तग धरते. दुसरा म्हणजे चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने कोरडे ऊन, हे आपले हवामान त्याला मानवते. या दोन गुणांमुळेच गोव्यात, सिंधुदुर्गात, रत्नागिरीत आणि घाटमाथ्यावरील खानापूर-चंदगडच्या पट्ट्यात काजू पसरला. मात्र पाणी साचून राहणारी जमीन त्याला मुळीच चालत नाही. खाजणाच्या कडेला अथवा दलदलीच्या खोलगट भागात लावलेला काजू काही वर्षे हिरवा दिसतो आणि मग वाळून जातो.

फूल, बोंडू आणि बी

वाणाची चर्चा समजण्यासाठी झाडाच्या फुलोऱ्याविषयी थोडे जाणून घेणे आवश्यक आहे. काजूच्या एकाच मोहोरात दोन प्रकारची फुले असतात : केवळ नर फुले आणि ज्यांत नर व मादी दोन्ही अवयव असतात अशी द्विलिंगी फुले. फळ धरते ते केवळ द्विलिंगी फुलांना. नर फुलांची संख्या नेहमीच पुष्कळ अधिक असते. परंतु हे प्रमाण झाडागणिक आणि वाणागणिक बदलते. म्हणूनच मोहोराने पांढरे झालेले एखादे झाड हंगामाअखेर मूठभर बिया देते आणि शेजारचे, त्याहून कमी फुललेले झाड टोपली भरते. मोहोराच्या शोभेवरून झाडाची परीक्षा करू नये, असे जाणते बागाईतदार सांगतात त्यामागील शास्त्रीय कारण हेच.

परागीभवन मधमाश्या, माश्या आणि मुंग्या यांच्याकडून होते. फळ धरल्यापासून ते पिकेपर्यंत सुमारे दोन महिने लागतात. आपण ज्याला बी म्हणतो तेच वनस्पतिशास्त्रदृष्ट्या खरे फळ होय. रसाळ बोंडू म्हणजे फुगलेला देठ. प्रथम बी वाढते. हिरवी बी पूर्ण आकाराची झाल्यावर तिचे टरफल कठीण होऊ लागते आणि ती थोडी आक्रसते. शेवटच्या काही आठवड्यांत बोंडू झपाट्याने फुगतो. ओल्या काजूगरांच्या उसळीसाठी बी काढायची तर ती टरफल कठीण होण्यापूर्वीच; आणि वाळवून विकायची तर बोंडू पूर्ण पिकून आपोआप खाली पडल्यावरच. झाड हलवून पाडलेल्या बिया दिसायला सारख्याच असतात, परंतु त्यांतील गर भरलेला नसतो.

बी लावून आईसारखे झाड का मिळत नाही

आपल्याकडील बहुतेक जुनी काजूची झाडे बियांपासून उगवलेली आहेत. काही माणसांनी लावली, काही वटवाघळांनी आणि गुराख्यांनी नकळत पेरली. अशा एखाद्या डोंगरावर फेब्रुवारी-मार्चमध्ये फिरून पाहावे. एका झाडाचा बोंडू पिवळा, दुसऱ्याचा तांबडा; एकाची बी टपोरी, दुसऱ्याची चिंचोक्यापेक्षा थोडीच मोठी; एक झाड पौषात फुलते, दुसरे फाल्गुनात. हे वैविध्य जमिनीमुळे आलेले नाही. काजूत परपरागीभवन मोठ्या प्रमाणावर होते, त्यामुळे प्रत्येक बी ही एक नवी जुळणी असते. आईचे गुण तिच्यात येतात तसे न पाहिलेल्या बापाचेही येतात.

मानकुराद आंब्याची कोय पेरून मानकुरादच मिळेल असे गोव्यात कोणी गृहीत धरीत नाही. त्यासाठी कलमच लावावे लागते, हे लहान मुलालाही ठाऊक असते. काजूच्या बाबतीत मात्र हेच ज्ञान आपण फार उशिरा वापरले. चांगल्या झाडाची टपोरी बी निवडून पेरली की झाले, अशी समजूत दीर्घकाळ होती. परिणामी एकाच डोंगरावर चार-पाच झाडे भरघोस देणारी, काही बरी आणि उरलेली केवळ सावली देणारी, असे चित्र दिसते. सरासरी उत्पन्न कमी राहण्याचे हे एक मोठे कारण आहे. भारतातील काजू कारखाने आजही कच्च्या बियांसाठी आयव्हरी कोस्ट, टांझानिया अशा आफ्रिकी देशांकडे पाहतात, कारण देशातील बिया त्यांना पुरत नाहीत.

कलम कसे बांधतात

चांगल्या झाडाची हुबेहूब प्रत हवी असेल तर त्याची फांदीच नव्या मुळांवर वाढविली पाहिजे. काजूसाठी यशस्वी ठरलेली पद्धत म्हणजे मृदुकाष्ठ कलम. तिचे तंत्र थोडक्यात असे : पाण्यात बुडणाऱ्या, ताज्या, मध्यम आकाराच्या बिया रात्रभर भिजवून मातीच्या पिशव्यांत पेरतात. सुमारे दीड-दोन महिन्यांत पेन्सिलीएवढ्या जाडीचे, कोवळ्या खोडाचे रोप तयार होते. याला खुंटरोप म्हणतात. निवडलेल्या मातृवृक्षावरील, अद्याप न मोहरलेली, शेंड्याचा डोळा फुगलेली काडी कलमकाडी म्हणून घेतात. ती तोडण्यापूर्वी आठ-दहा दिवस तिची पाने देठ ठेवून छाटतात, म्हणजे डोळा तरतरीत होतो. खुंटरोपाचा शेंडा कापून मधोमध उभा छेद देतात, काडीच्या बुडाला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करतात, ती छेदात बसवितात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. वर लहान पिशवीची टोपी घालतात, म्हणजे काडी सुकत नाही. तीन-चार आठवड्यांत डोळा फुटला तर सांधा जुळला असे समजावे. पाच-सहा महिन्यांनी कलम लागवडीस तयार होते.

या पद्धतीमुळे एका उत्तम झाडाची हजारो झाडे करता येतात. परंतु येथेच एक धोका आहे. रोपवाटिकेतील कलमावर वाणाचे नाव लिहिलेले असते. काडी खरोखर त्याच झाडाची होती की नाही, हे पाने पाहून ओळखता येत नाही. फळ येईपर्यंत तीन-चार वर्षे जातात आणि तोवर फसवणूक उघडकीस येत नाही. म्हणून कलमे कृषी विद्यापीठ, संशोधन केंद्र किंवा स्वतःची मातृवृक्षांची बाग असलेली मान्यताप्राप्त रोपवाटिका येथूनच घ्यावीत. विकत घेण्यापूर्वी ती मातृवृक्षांची बाग पाहण्याची इच्छा व्यक्त करावी. प्रामाणिक विक्रेता ती आनंदाने दाखवितो.

वाण पारखण्याच्या कसोट्या

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जात कोणती, याऐवजी चार प्रश्न क्रमाने विचारावेत.

पहिला प्रश्न गराचा. बाजारात काजूगराची प्रत एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, किती अख्खे गर बसतात यावरून ठरते. 'डब्ल्यू ३२०' म्हणजे पौंडात ३२० पर्यंत गर, 'डब्ल्यू २१०' म्हणजे २१० पर्यंत. आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि भाव अधिक. बीचे वजन आणि गराचा उतारा, म्हणजे शंभर भाग बीमागे निघणारा गर, हे दोन आकडे ठाऊक असले की प्रत घरबसल्या काढता येते. साधारण गावठी बी ५ ग्रॅमची आणि उतारा २८ टक्के धरला तर गर १.४ ग्रॅमचा होतो. पौंडात असे सुमारे ३२४ गर बसतात. बी १० ग्रॅमची आणि उतारा ३०.५ टक्के असेल तर गर ३ ग्रॅमहून थोडा मोठा होतो आणि पौंडात सुमारे १५० च बसतात.

परंतु केवळ मोठ्या बीच्या मागे धावू नये. गावात येणारा व्यापारी बहुधा सर्व बिया एकत्र तोलतो. टपोरी बी आणि बारीक बी एकाच गोणीत गेली तर टपोऱ्या बीचा लाभ त्याच्या पदरी पडतो. मोठ्या गराच्या वाणाची बी वेगळी गोळा करण्याची, वेगळी वाळविण्याची आणि प्रतवारीप्रमाणे भाव देणारा खरेदीदार शोधण्याची तयारी असेल तरच त्या वाणाचे मोल हाती येते. तसे नसेल तर मध्यम बी आणि झाडामागे अधिक बिया देणारा वाण अधिक हिताचा.

दुसरा प्रश्न हंगामाचा. किनाऱ्यालगत मोहोर नोव्हेंबरपासून दिसू लागतो आणि फळे फेब्रुवारी ते मे या काळात पडतात. उशिरा येणाऱ्या झाडांची शेवटची बी वळवाच्या पावसात सापडते. भिजलेली बी काळी पडते आणि तिचा भाव उतरतो. समुद्रसपाटीपासून उंची वाढते तसा मोहोरही मागे सरतो. म्हणून खानापूरच्या पश्चिम पट्ट्यासारख्या घाटमाथ्यावरच्या जमिनीत लवकर येणाऱ्या वाणाचा विचार आधी करावा. किनारपट्टीवर मात्र लवकर, मध्यम आणि उशिरा येणारे वाण थोडे थोडे लावले तर गोळा करण्याचे काम दोन-अडीच महिन्यांत वाटले जाते. मजूर मिळणे दिवसेंदिवस कठीण होत असताना ही बाब लहान नाही.

तिसरा प्रश्न बोंडवाचा. महाराष्ट्राच्या कोकणात बोंडू बहुतांशी बागेतच कुजून जातो. गोव्यात तसे नाही. येथे बोंडवाचा रस आंबवून पहिल्या ऊर्ध्वपातनाने हुर्राक आणि त्याच्या पुढच्या ऊर्ध्वपातनाने फेणी काढतात. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. या परंपरेविषयी कोणाचे मत काहीही असो, अनेक कुटुंबांचे हंगामी उत्पन्न बोंडवाच्या रसावर उभे आहे, ही वस्तुस्थिती आहे. शिवाय बोंडवात क जीवनसत्त्व संत्र्याच्या कित्येक पट असते. सरबत, पाक, मुरांबा असेही त्याचे उपयोग आहेत. ज्यांना बोंडू उपयोगात आणायचा आहे त्यांनी वाण निवडताना बोंडवाचा आकार, रसाचे प्रमाण आणि गोडी यांची चौकशी केलीच पाहिजे. नुसते बीचे आकडे पाहून निवडलेला वाण त्यांना अपुरा पडेल.

चौथा प्रश्न किडीचा. काजूचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे ढेकण्या. हा लहानसा कीटक कोवळी पालवी, मोहोर आणि बारीक बिया यांतील रस शोषतो. टोचलेल्या जागी काळे डाग पडतात आणि मोहोर जळाल्यासारखा वाळतो. ढगाळ हवेत तो विशेष वाढतो. सर्व झाडे एकाच वेळी मोहरली आणि त्याच आठवड्यात आभाळ भरून राहिले, तर संपूर्ण बागेचे पीक एका फटक्यात जाते. वेगवेगळ्या काळी मोहरणारे वाण मिसळून लावण्याचे हे दुसरे कारण होय.

किडीच्या प्रश्नाची एक दुःखद बाजूही येथे सांगणे कर्तव्य आहे. केरळमधील कासरगोड जिल्ह्यात काजूच्या विस्तीर्ण लागवडीवर ढेकण्यासाठी एन्डोसल्फानची हेलिकॉप्टरमधून फवारणी अनेक वर्षे चालू होती. ती २००० च्या सुमारास थांबली. त्या परिसरातील मुलांतील व्यंगे आणि दीर्घ आजार यांनी देशाचे लक्ष वेधले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या औषधाचे उत्पादन, विक्री आणि वापर यांवर देशभर बंदी घातली. डोंगरावरील झाडावर मारलेले औषध पावसाबरोबर खालच्या विहिरीत उतरते, हा धडा त्यातून घ्यावयाचा. फवारणी कमीत कमी लागेल असा वाण निवडणे, गरज असेल तेव्हाच आणि तज्ज्ञांच्या सल्ल्याने औषध वापरणे, आणि पानांची घरटी बांधणाऱ्या तांबड्या मुंग्यांना सरसकट न मारणे, कारण त्या ढेकण्याला हुसकावतात, ही पथ्ये पाळली पाहिजेत.

काही वाणांचा परिचय

वेंगुर्ले येथील प्रादेशिक फळसंशोधन केंद्राने काजूवर मोलाचे काम केले आहे; हे केंद्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या अंतर्गत येते. तेथून आलेला पहिला वाण 'वेंगुर्ला १' १९७४ मध्ये प्रसारित झाला. बी सुमारे ६.२ ग्रॅमची, उतारा ३१ टक्के, बोंडू पिवळा, हंगाम लवकर. 'वेंगुर्ला ४' हा १९८१ चा संकरित वाण, बी ७.७ ग्रॅमची, उतारा ३१ टक्के, बोंडू तांबडा. १९९७ मध्ये आलेल्या 'वेंगुर्ला ७' ची बी १० ग्रॅमची, उतारा ३०.५ टक्के आणि बोंडू पिवळा व रसाळ आहे. वर सांगितलेले गणित लावले तर पहिल्याचे पौंडात सुमारे २३६, दुसऱ्याचे १९० आणि तिसऱ्याचे १४९ गर होतात.

गोव्यासाठी जुने गोवे परिसरातील एला येथील भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या केंद्राने १९९९ मध्ये 'गोवा १' हा वाण दिला. त्याची बी साडेसात ग्रॅमच्या आसपास आणि उतारा ३० टक्के आहे. कर्नाटकातील पुत्तूर येथे १९८६ मध्ये राष्ट्रीय काजू संशोधन केंद्र स्थापन झाले. आता ते काजू संशोधन संचालनालय म्हणून ओळखले जाते. तेथून २००६ मध्ये 'भास्करा' हा वाण प्रसारित झाला. त्याचा मोहोर मध्यम काळात येत असल्याने ढेकण्याचा उपद्रव सौम्य असेल तर हा वाण त्यातून बराचसा निभावतो.

आता या यादीकडे पुन्हा एकदा पाहावे. 'वेंगुर्ला १' हा कोणत्याही प्रयोगशाळेत घडविलेला नाही. वेंगुर्ले तालुक्यातील आणसूर गावच्या झाडांतून तो निवडला गेला. 'गोवा १' चे मूळ नाव 'बाळ्ळी २'. केपे तालुक्यातील बाळ्ळी गावात ते झाड सापडले. 'भास्करा' चा मूळ क्रमांक 'गोवा ११/६'. म्हणजे कर्नाटकाने गौरविलेला तो वाण मूळचा गोव्याच्या मातीतला. ज्या डोंगरांना आपण 'गावठी काजू' म्हणून कमी लेखतो त्याच डोंगरांनी हे वाण दिले आहेत.

लागवड आणि पहिली वर्षे

लागवडीचे तंत्र आता सर्वत्र छापून मिळते, म्हणून त्यातील मुख्य गोष्टीच येथे सांगतो. अंतर ७ बाय ७ मीटर ठेवल्यास हेक्टरी २०४ आणि ८ बाय ८ मीटर ठेवल्यास १५६ झाडे बसतात. भारी मातीत झाड अधिक पसरते, तेथे अंतर वाढवावे. खड्डे उन्हाळ्यातच खणून ठेवावेत; कातळाच्या जमिनीत ते मोठे असावेत. त्यांत वरची चांगली माती आणि शेणखत भरून पाऊस स्थिरावल्यावर कलम लावावे. कलमाचा सांधा जमिनीच्या थोडा वर राहिला पाहिजे आणि बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी आठवणीने काढली पाहिजे. नाहीतर ती सालीत रुतून झाड गळफास बसल्यासारखे मरते. उतारावर प्रत्येक झाडाच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राकृती बांध घातला तर माती आणि ओलावा दोन्ही टिकतात.

पहिल्या वर्षी सांध्याच्या खालून येणारी फूट वारंवार काढावी. ती खुंटरोपाची, म्हणजे गावठी बीची फूट असते. दुर्लक्ष झाले तर ती वरच्या काडीला मारते आणि विकत आणलेल्या वाणाच्या नावाने आपण पुन्हा गावठी झाड वाढवितो. अशी फसगत अनेक बागांत झालेली दिसते आणि दोष मात्र वाणाला दिला जातो. पहिली दोन वर्षे आलेला मोहोर खुडावा, म्हणजे झाडाचा सांगाडा भरतो. तिसऱ्या वर्षापासून फळ घेता येते. सहाव्या-सातव्या वर्षी झाड खऱ्या अर्थाने उत्पन्नास लागते. चांगल्या निगेच्या बागेत पूर्ण वाढलेल्या कलमापासून ८ ते १० किलो बी मिळणे अशक्य नाही.

काजूला खत लागत नाही, हा समज चुकीचा आहे. काजू खताविना जगतो, एवढेच खरे. पूर्ण वाढलेल्या झाडाला वर्षाला १ किलो नत्र आणि प्रत्येकी २५० ग्रॅम स्फुरद व पालाश द्यावे, अशी कोकणासाठी शिफारस आहे. लहान झाडाला वयाच्या प्रमाणात कमी.

खोडकिडा, ज्याला कोकणात रोठा म्हणतात, तो मात्र जुन्या बागांचा काळ आहे. त्याची अळी बुंध्याच्या सालीखाली पोखरत जाते. बुंध्याशी डिंक आणि लाकडाचा भुसा दिसला की त्याच दिवशी साल तासून, तारेच्या आकड्याने अळी बाहेर काढावी. पाने पिवळी पडेपर्यंत थांबले तर झाड वाचत नाही. त्यासाठी औषधापेक्षा महिन्यातून एकदा डोंगरावर फेरी मारणारा माणूस अधिक उपयोगी ठरतो. दूर शहरात राहून बाग करू इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

जुन्या झाडांचे काय

शेवटी या सर्व विवेचनाचा जो गाभा आहे त्याकडे येतो. कलमांचा प्रसार होऊ लागल्यापासून जुने डोंगर साफ करून तेथे एकाच वाणाची लागवड करण्याकडे कल वाढला आहे. उत्पन्नाच्या दृष्टीने तो समजण्यासारखा आहे. परंतु कुऱ्हाड चालते तेव्हा सावली देणाऱ्या निरुपयोगी झाडांबरोबर ती चार-पाच उत्तम झाडेही पडतात. एखादे झाड दरवर्षी न चुकता फळते, एखाद्याला ढेकण्या शिवत नाही, एखाद्याचा बोंडू खाल्ला तर घसा खवखवत नाही, ही माहिती त्या डोंगरावर बिया वेचणाऱ्या वृद्धेला असते. ती कोठे लिहिलेली नसते. झाड गेले की गुण गेला. वृद्धा गेली की गुणाची आठवणही गेली. आणि सर्व किनारपट्टीवर दोन-तीनच वाण उरले, तर उद्या नव्या रोगाला तोंड देणारे झाड शोधायला आपण कोठे जाणार?

यावर उपाय खर्चाचा नाही. डोंगर साफ करण्यापूर्वी तीन हंगाम प्रत्येक चांगल्या वाटणाऱ्या झाडाला रंगाने क्रमांक द्यावा. मोहोर केव्हा आला, बी किती किलो पडली, शंभर बियांचे वजन किती भरले, पाण्यात टाकल्यावर किती बिया तरंगल्या, बोंडवाचा रंग आणि चव कशी, कीड कितपत, एवढ्याच नोंदी एका वहीत कराव्यात. एका चांगल्या वर्षावरून निर्णय करू नये. काजूचे झाड एका वर्षी भरभरून देऊन पुढल्या वर्षी रुसू शकते. तीन वर्षे कसोटीला उतरलेले झाड राखावे, त्याच्या काड्यांची कलमे आपल्याच बागेच्या एका कडेला लावावीत आणि जवळच्या संशोधन केंद्राला कळवावे. लागवडीत दोन भाग मान्यताप्राप्त वाण आणि एक भाग स्वतःच्या निवडीची कलमे, असे प्रमाण ठेवले तर उत्पन्नही सांभाळले जाते आणि ठेवाही.

हे काम आपल्या विद्यालयातील मुले सहज करू शकतील. वजनकाटा, वही आणि रंगाचा डबा एवढेच साहित्य लागते. तराजूवर शंभर बिया मोजताना सरासरी म्हणजे काय, हे त्यांना फळ्याशिवाय कळेल. आजीकडून झाडाचा इतिहास विचारून घेताना आपला डोंगरही त्यांना कळेल. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील एकेका डोंगराची जबाबदारी घेतली, तर पाच-सहा वर्षांत या परिसरातील उत्तम काजूच्या झाडांची एक विश्वसनीय यादी विद्यालयाच्या दप्तरी तयार होईल.

"चांगली जात कोणती?" असा प्रश्न घेऊन येणाऱ्यास माझे उत्तर इतकेच आहे : आपली जमीन पाहा, आपला बाजार पाहा, आपल्या हातातील वेळ पाहा, आणि रोपवाटिकेची वाट धरण्यापूर्वी एकदा आपल्याच डोंगरावर फिरून या. आणसूर आणि बाळ्ळी येथे जे सापडले ते अन्यत्र नसेल असे मानण्यास काहीही आधार नाही.